कुणाला जेवायचं हाय का?

अहमदपूरचं आमचं घर म्हणजे पुढं भांड्याचं दुकान आणि मागं आम्ही. मधल्या दाराला फळ्या नव्हत्या, नुसती चौकट होती, आणि चौकटीला एक जाड निळा पडदा. पडद्याच्या पुढं अण्णा, म्हणजे माझे वडील, मागं अव्वा, माझी आई. सकाळी अण्णा अंघोळ करून, लिंगपूजा उरकून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून गादीवर बसले की दुकान वाजायला लागायचं. घागरीवर बोटाची टिचकी, हंड्यावर नाव घालणाऱ्या छिन्नीची टकटक, परातीत परात ठेवल्याचा खणखणाट. आत अव्वाचंही वाजायचं, पण हळू. भाकरी थापल्याचा आवाज, उखळात शेंगदाणे कुटल्याचा, आणि लसणाच्या फोडणीची ती एक चर्र, जिचा वास पडदा ओलांडून गिऱ्हाइकापर्यंत जायचा. बिलोलीच्या बाजूनं आलेलं गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, ‘शेठ, आज येसराची आमटी दिसती?’ आणि अण्णा हसून म्हणायचे, ‘असंल बा. आत काय शिजायलंय ते मला काय ठाऊक?’

त्यांना खरंच ठाऊक नसायचं. कारण अण्णा आणि अव्वा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. अबोला म्हणतात तसलंही काही नव्हतं. लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे, दीर, नणंदा असा गोतावळा होता, आणि चारचौघांत नवऱ्यानं बायकोला हाक मारणं हलकं समजायचे. गोतावळा पुढं पांगला, आजा-आजी गेले, काका उदगीरला निघून गेले, तरी ती सवय घरातच राहिली. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं की मधे कुणीतरी लागायचं. आधी माझी थोरली बहीण होती. तिचं लग्न झाल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

‘नंदे, तुझ्या अव्वाला सांग, दुपारी पाव्हणे यायलेत.’

मी पडदा सारून आत जायची. ‘अव्वा, दुपारी पाव्हणे यायलेत म्हणं.’

‘ऐकलं मी. किती जणं ते इचार.’

मी बाहेर. ‘अण्णा, किती जणं?’

‘ऐकलं. दोघं-तिघं असतील.’

हे असं. पडदा कापडाचा, घर चार हाताचं, दोघांनाही दोघांचं सगळं ऐकू यायचं. पण मी मधून गेल्याशिवाय ते बोलणं पोचलं असं धरत नसत. मी शाळेतून येईपर्यंत कितीतरी बोलणी अडून बसलेली असायची. दप्तर टेकवायच्या आत दोन्हीकडून हाका. आणि मी नुसता निरोप्या नव्हते, हे आज अभिमानानं सांगते. अण्णा म्हणायचे, ‘तिला म्हणावं, अक्कल हाय का न्हाई, माणसापुढं पोचा पडलेला पेला ठेवती?’ मी आत जाऊन म्हणायची, ‘अव्वा, अण्णा म्हणालेत, तेवढा पेला बदल.’ अव्वानं बाहेरचं मूळ वाक्य ऐकलेलं असायचं. तरी ती माझ्याकडं बघून म्हणायची, ‘बरं बाई, बदलते.’ माझी सुधारलेली प्रत तिनं घेतली, मूळची सोडून दिली. माणसं काय बोलतात आणि समोरचा त्यातलं काय उचलतो, हे मी तिथं शिकले. त्यासाठी कॉलेजात जावं लागलं नाही.

उरलेलं शिक्षण दुकानात झालं. शाळा सुटल्यावर मी अण्णांच्या मागं पोत्यावर बसायची आणि सौदे ऐकायची. एखादी शेतकरीण पोरीच्या लग्नासाठी घागर घ्यायला यायची. तिला घागर आवडलेली असायची आणि म्हणून ती घागरीकडं बघायचीच नाही, परातीला हात लावत बसायची. अण्णांना ते कळायचं आणि म्हणून ते घागरीची तारीफच करायचे नाहीत, पावसाचं बोलायचे, सोयऱ्याचं विचारायचे. दोघंही खोटं बोलत असत, दोघांनाही ते ठाऊक असे, आणि तरी शेवटी घागर तिच्याच डोक्यावर जायची. जाताना दोघंही खुशीत. त्या बायांशी अण्णा तासन्‌तास बोलायचे. बोलायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मला राग यायचा तो त्याचाच.

पुढं मी लातूरला कॉलेजात गेले, होस्टेलवर राहिले. आमच्या समाजातल्या मुलींना तेव्हा अहमदपूरच्या बाहेर फार पाठवत नसत. मला पाठवलं, कारण निलंग्याकडची एक सोयरीक मनात धरलेली होती आणि त्या लोकांना शिकलेली मुलगी हवी होती. मी मात्र शिकायलाच गेले होते. लातूरला गेल्या गेल्या मी नाटकात नाव दिलं.

नाटक बसवायला बिराजदार सर होते. निलंग्याजवळच्या खेड्यातले, पण पुण्याला शिकून आलेले, आणि येताना आपली जीभ तिकडंच धुऊन आलेले. उंच, गोरे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं रेडिओसारखं. नांदेडला कॉलेजांची एकांकिका स्पर्धा व्हायची, तिच्यासाठी त्यांनी दोनच पात्रांची एक एकांकिका निवडली. एका फ्लॅटमधले नवरा-बायको संध्याकाळी चहा पीत आपल्या संसाराबद्दल बोलतात, एवढंच तिच्यात होतं. बायको मी. नवरा गोविंद, बिलोलीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, मामाकडं राहून शिकणारा. ताडासारखा उंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तो बोलायचा नांदेडकडच्या तऱ्हेनं, ‘काय करून राहिली माय तू?’ असं. मी ‘काय करायलास’ म्हणणारी. आम्हा दोघांच्या तोंडी वाक्यं होती, ‘तुला नाही वाटत, आपण एकमेकांपासून दूर चाललो आहोत?’

महिनाभर आम्ही ती वाक्यं घासली. सर ‘हाय’चं ‘आहे’ करायचे, ‘न्हाई’चं ‘नाही’ करायचे, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे काढून दाखवायचे. ते आलं आम्हाला. जीभ वळते. पण वाक्य म्हणून झालं की हात कुठं ठेवायचे ते कळायचं नाही. गोविंद एकदा तालमीत मधेच थांबून म्हणाला, ‘सर, हा माणूस बायकोला विचारून राहिला, आपण दूर चाललो का. आमच्याकडं असं विचारलं तर बाई म्हणंल, ताप आलाय का तुम्हाला?’ सर हसले नाहीत. म्हणाले, ‘तुमच्याकडं संवाद नाहीत, गोविंद, म्हणून नाटकही नाही.’ ते वाक्य मला लागलं. अजून लागतं. मी आयुष्यभर लातूरच्या शाळेत मराठी शिकवलं, निबंधात पोरांनी ‘आमची म्हैस लई दूध देती’ लिहिलं तर तिथं कधी लाल रेघ मारली नाही, आणि त्यावरून तपासणीला आलेल्या साहेबांशी वाजलंही. त्याचं मूळ त्या दुपारच्या तालमीत आहे.

मग दिवाळीला मी घरी गेले. एसटीतून उतरून दुकानाशी आले तर अण्णा गिऱ्हाइकाला तपेलं बांधून देत होते. मी मागच्या बोळातून आत शिरले. अव्वा चुलीपुढं, माझ्याकडं पाठ. आणि पडद्यापलीकडून अण्णांचा आवाज आला, ‘आज कुणी चहा ठेवलाय का न्हाई?’

मी दचकले. घरात तर कुणीच नव्हतं मधे घालायला. अव्वा चुलीकडं बघून म्हणाली, ‘चूल बाई, सांग की गं, ठेवलाय म्हणून. दम धरा म्हणावं.’

‘दमच धरून बसलाय माणूस,’ अण्णा पडद्याला म्हणाले.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. म्हणजे मी गेल्यावर यांनी असं जमवलं होतं. नाव नाही, तू नाही, तुम्ही नाही. ते तिला ‘कुणी’ म्हणायचे, ती त्यांना ‘माणूस’. जेवणाची वेळ झाली की अव्वा पाटावर ताट मांडून भिंतीला विचारायची, ‘कुणाला जेवायचं हाय का?’ आणि अण्णा हात धुऊन येत येत म्हणायचे, ‘भूक तर लागलीया कुणालातरी.’ मी आल्याचं कळल्यावर दोघांनाही सुटल्यासारखं झालं. दोन्हीकडून लगेच निरोप सुरू. पण मला त्या दिवसांत भाकरी गोड लागेना. फराळाच्या चकल्या, अनारसे, सगळं समोर होतं, आणि मला एकच दिसत होतं, की मी परत गेले की ही बाई पुन्हा चुलीशी बोलणार.

लातूरला आल्यावर मी गोविंदला सांगितलं. तो ऐकता ऐकता आधी हसला, मग म्हणाला, ‘आमच्या घरी बी तसंच हाय. फक्त आमच्याकडं बैल हाय मधात.’ सर त्या दिवशी तालमीला उशिरा येणार होते. आम्ही दोघं रिकाम्या खोलीत उभे राहिलो. मी त्याच्याकडं पाठ करून खाली बसले, म्हणाले, ‘कुणाला जेवायचं हाय का?’ तो बाकाकडं बघत म्हणाला, ‘लेकरं गेली परगावी, आन घर बी येड्यावाणी इचारून राहिलंय.’ आम्ही थांबलोच नाही. हात कुठं ठेवायचे हा प्रश्नच आला नाही. शेवटची पोरगी सासरी गेलेल्या दिवशी एक म्हातारं जोडपं घरात एकटं उरतं आणि एकमेकांना एक साधी गोष्ट सांगायची राहून जाते, असं ते नाटक आपोआप उभं राहत गेलं. माणसाला ताप आहे, पण ते तो बायकोला सांगू शकत नाही. बाईचा हात वाफेनं भाजला आहे, पण ती नवऱ्याला दाखवू शकत नाही. दोघंही चुलीला, खुंटीला, पाण्याच्या रांजणाला सांगत राहतात.

सरांना आम्ही ते करून दाखवलं. ते शेवटपर्यंत बसले हे खरं. मग म्हणाले, ‘हे नाटक नाही. हे घर आहे. घरं स्टेजवर आणत नाहीत. आणि दोघं एकमेकांकडं बघतही नाहीत, हा कसला संवाद?’

‘सर, आम्ही हेच करणार,’ मी म्हणाले.

‘मी सांगतो ते करायचं.’

‘मग आम्ही कुठलंच करत न्हाई.’

सरांचा चेहरा लाल झाला. टेबलावर हात आपटून ते ओरडले, ‘कामून ऐकंना गेलीस गं तू?’

‘का’च्या जागी आमच्याकडचा ‘कामून’ त्यांच्याच तोंडून निसटला होता. गोविंदनं मान खाली घातली, मला हसू आवरेना. सरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाले, ‘करा. दिग्दर्शक म्हणून माझं नाव लावू नका.’ आम्ही नाही लावलं. कुणाचंच नाही लावलं.

पण अव्वाला विचारल्याशिवाय मला ते लोकांपुढं करायचं नव्हतं. एका रविवारी मी घरी गेले. अण्णा बाजारात होते. अव्वा अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं दोन्ही पात्रं एकटीनंच करून दाखवली, इकडं तोंड करून बाई, तिकडं तोंड करून माणूस. ती हसली नाही, रडली नाही, भाजी निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, ‘पुढं?’

‘पुढं काय न्हाई. दिवा मालवतो. संपलं.’

‘ती बाई बोलतच न्हाई?’

‘न्हाई. तू तरी कुठं बोलतीस?’

अव्वानं देठांचा ढीग बाजूला सारला. ‘मी बोलत न्हाई म्हणून ती बी बोलू नये, हे कुठलं? नाटक हाय न्हवं? मंग तिला बोलू दे की.’

‘काय बोलंल ती?’

तिनं बराच विचार केला. पानं टोपलीत भरली, जमीन झाडली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘ती म्हणंल, तोंड हिकडं करा. बास. लई काय बोलायला लावू नको तिला.’

आमच्या नाटकाचं शेवटचं वाक्य असं माझ्या आईनं दिलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी अव्वाचं इरकली लुगडं न्यायला घरी आले. तिथूनच नांदेडला जायचं होतं, गोविंद आणि बाकीचे लातूरहून परस्पर येणार होते. पण माझ्या आधी बातमी पोचली होती. लातूरच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आमच्या कॉलेजात होता. त्यानं अण्णांना सांगितलं होतं, की तुमची पोरगी परक्या पोराची बायको होऊन स्टेजवर तुमचीच नक्कल करायलीय.

अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मी ‘अण्णा’ म्हणाले, त्यांनी घागर पुसायला घेतली. आणि मग घरात एक विचित्रच अडचण उभी राहिली. आता मला काही सांगायचं तर अण्णांना मधे माणूस हवा होता, आणि घरात माझ्याखेरीज होती ती अव्वा, जिच्याशी ते बोलत नव्हते. मला आज ते आठवून हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. ते दुकानातूनच, रस्त्याकडं तोंड करून बोलले. समोर एक शेतकरीण हंडा बघत बसली होती, तिला वाटलं तिलाच बोलतायत.

‘घरात कुणाला कळत असंल तर कळू द्या. कुणी नांदेडला जाणार न्हाई. कालेज बास झालं. निलंग्याची माणसं बघायला यायलीत, कुणाला तयारी करायची असंल तर करा.’

मी पडद्याच्या आत उभी होते. लुगडं काखेत. मी जाणारच होते, ते माझं ठरलेलं होतं, पडद्यातून बाहेर येऊन तेवढं सांगायचं होतं. तेवढ्यात अव्वा उठली. पिठाचे हात पदराला पुसले. मला बाजूला केलं आणि पडदा सारून दुकानात गेली. गिऱ्हाईक असताना अव्वा दुकानात गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

‘अवो,’ ती म्हणाली.

अण्णा घागर पुसत राहिले.

‘अवो, मी भिंतीला न्हाई बोलायले. तुम्हाला बोलायले.’

अण्णांनी शेतकरणीकडं बघितलं, जणू तिनं काहीतरी करावं. ती बाई हंड्यावरचा हात काढून घाबरत म्हणाली, ‘शेठ, बाई तुम्हालाच बोलायल्यात की.’

‘पोरगी नांदेडला जाणार,’ अव्वा म्हणाली. ‘तिच्या संगं मी बी जाणार. निलंग्याच्या लोकान्ला यायचं असंल तर त्यान्ला मागनं येऊ द्या. आन पोरीला काय बोलायचं असंल तर पोरीला बोला, मला बोलायचं असंल तर मला बोला. रस्त्याला बोलू नका. रस्ता ऐकत न्हाई.’

तिचा आवाज मोठा नव्हता. पण थरथरतही नव्हता. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेली ती पहिली वाक्यं माझ्या कानावर पडली आणि त्यांतलं एकही अडखळलं नाही. अव्वा उत्तराची वाट न बघता आत आली आणि धपाट्याचं पीठ मळायला बसली, सकाळच्या एसटीत खायला. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, ‘बघत कामून बसलीस? लसूण सोल.’

लोह्यावरून जाणाऱ्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. अव्वा कधी एकटी गावाबाहेर गेली नव्हती. खिडकीतून कापसाची रानं बघत तिनं दह्याशी धपाटे खाल्ले, मलाही खायला लावले, आणि नांदेड येईपर्यंत एवढंच बोलली, की ते लुगडं नेसताना कासोटा घट्ट मार, स्टेजवर सुटला तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

हॉल गच्च भरला होता. आमची पाळी संध्याकाळी आली. पडदा उघडला, गोविंद खांद्यावर टॉवेल टाकून एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांच्या पाठी एकमेकांकडं. मी म्हणाले, ‘कुणाला जेवायचं हाय का?’ आणि मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या तिथून एकदम हसू फुटलं. ते हसू ओळखीचं होतं. त्यांच्याही घरात एक ‘कुणी’ आहे आणि एक ‘माणूस’ आहे, हे मला त्या हसण्यातून कळलं. पुढच्या रांगांतले परीक्षक कागदावर काही लिहीत होते. गोविंद म्हणाला, ‘रांजणा, कुणाला तरी सांग बाबा, अंगात कणकण हाय,’ तेव्हा हसू कमी झालं. मी भाजलेला हात पदराखाली लपवला तेव्हा अगदी थांबलं. शेवटी मी उठले, वळले, त्याच्या पाठीकडं बघून म्हणाले, ‘तोंड हिकडं करा.’

तालमीत गोविंद लगेच वळायचा. तिथं तो वळला नाही. नंतर म्हणाला, पायच हलेना, आपला बाप वळला असता का असं वाटून राहिलं. मी उभी. आणि मागून एक बाई ओरडली, ‘अरं कर की रं तोंड!’ सगळा हॉल तिच्या मागं लागला. गोविंद वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते नाटकातलं नव्हतं. दिवा मालवला.

आम्हाला काहीच मिळालं नाही. बक्षिसांच्या आधी मुख्य परीक्षक बोलायला उठले. मोठे भारदस्त गृहस्थ होते, नाव इथं घेत नाही. आमच्यावर येऊन म्हणाले, ‘मुलांनी मेहनत घेतली आहे. पण दोन पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत, मग त्याला संवाद म्हणायचं कसं? आणि भाषा. रंगभूमीची म्हणून एक भाषा असते, तिथं गोठ्यातली भाषा चालत नाही.’

मी प्रेक्षकांत अव्वाच्या शेजारी बसले होते, अजून त्याच लुगड्यात. मी उभी राहिले.

‘सर, गोठा न्हाई. ते आमचं स्वैपाकघर होतं.’

हॉलमधे कुजबुज झाली. ते म्हणाले, ‘ठीक आहे. बसा.’

‘आन ती दोघं बोलत न्हाईत, तेच आम्हाला दाखवायचं होतं. मागच्या बायान्ला ते कळलं.’

‘कळलं ना? मग झालं तर. बसा आता.’

‘न्हाई बसत.’

आमच्या कॉलेजातल्या मुलींनी माझा पदर ओढला. बिराजदार सर दूर भिंतीशी उभे होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली नाही, एवढं मला दिसलं. अव्वानं वर बघून हळूच विचारलं, ‘उभारलीस कामून?’

‘बसा म्हणालेत म्हणून.’

तिनं पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली. ‘मंग ऱ्हा उभी,’ म्हणाली, आणि एकेक दाणा खात बसून राहिली. बक्षिसं वाटून होईपर्यंत मी उभीच होते. पाय दुखले. टाळ्या दुसऱ्यांना पडत राहिल्या. त्या परीक्षकांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही आणि त्यांचं मत बदललं असंही काही झालं नाही. पुढं कित्येक वर्षं लोक मला समजावत राहिले, की नंदाबाई, तेव्हा तुम्ही बसायला हवं होतं, ते मोठे होते. मी त्या सगळ्यांना एकच सांगत आले. मला तो प्रसंग पुन्हा दिला तर मी पुन्हा उभी राहीन. आता गुडघे दुखतात, काठी घेऊन उभी राहीन.

लोकांनी दुसरंही म्हटलं. गोविंदचं आणि माझं काही होतं, असं. नव्हतं. तो माझ्याशी स्टेजवर खरं बोलला, एवढंच होतं. ते लग्नाहून लहान असतं असं मला वाटत नाही, पण हे कुणाला पटवत बसायला मला वेळ नव्हता.

घरी आलो तर दुकान उघडं होतं आणि अण्णा गप्प होते. आता ‘कुणी’ही नाही आणि ‘माणूस’ही नाही. ताट मांडलं की यायचे, जेवायचे, उठून जायचे. गिऱ्हाइकांशी तेवढे बोलायचे. निलंग्याची माणसं आली नाहीत, त्यांच्याही कानावर सगळं गेलं होतं. उदगीरहून आत्या मात्र धावत आली. ओसरीवर बसून कपाळाला हात लावून म्हणाली, ‘आई-बापाचा तमाशा मांडलास गं भर हॉलात! कुठं फेडशील?’

‘इथंच फेडते आत्या,’ मी म्हणाले. ‘मार्केट यार्डाच्या शेडात पुढच्या महिन्यात करणार हाव आम्ही. तू बी ये. पुढं बसवते तुला.’

आत्या पाणीसुद्धा न पिता गेली. आम्ही केलंही ते यार्डात, आणि नंतर बिलोलीला गोविंदच्या गावाजवळ, आणि जिथं बोलावलं तिथं. आत्या आली नाही.

पण ते पुढचं. आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार मला सांगायची आहे. कॉलेज बंद करायचं कुणी पुन्हा काढलं नव्हतं, मी लातूरला परत निघाले होते, पिशवी भरून दाराशी ठेवली होती. अव्वानं येसराची आमटी केली होती, भाकरी, ठेचा, कांदा. आम्ही तिघं जेवायला बसलो. अण्णांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, एक घास घेतला, आणि थांबले.

‘आमटीत मीठ जास्त झालंय.’

सवयीनं माझं तोंड अव्वाकडं वळलं, निरोप सांगायला. अव्वानं माझ्या मांडीवर हात ठेवला. दाबून ठेवला. अण्णा ताटाकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली, माझ्यावरून नजर काढली आणि अव्वाकडं पाहिलं.

‘तुला म्हणायलोय मी,’ ते म्हणाले. ‘मीठ जास्त झालंय.’

अव्वानं घास गिळला. ‘मंग पाणी घाला.’

‘मी घालू?’

‘तांब्या तुमच्या शेजारी हाय.’

‘येवढी वर्षं आमटी करायलीस, मिठाचा अंदाज येईना तुला?’

‘येवढी वर्षं खायलाव, आजच तोंड फुटलं तुम्हाला?’

‘मंग काय बोलूच नये का माणसानं?’

‘बोला की. नगं कोण म्हणलंय? पर मिठावरच बोलायचं होतं तर लई उशीर केला.’

अण्णांचा आवाज चढला. अव्वाचाही चढला. मिठावरून गोष्ट आत्यावर गेली, आत्यावरून लग्नातल्या कुठल्याशा मानपानावर, जे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं होतं, ‘शेठ, ओ शेठ’ करत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी दोघांच्या मधे बसलेली, तर वाक्यं माझ्या डोक्यावरून जायला लागली. अव्वा वाकून माझ्या पलीकडं बघायला लागली. शेवटी मला तिथं बसणं कठीण झालं. मी माझं ताट उचललं, पडदा सारला, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन जेवायला बसले. आतून दोघांचे आवाज येत होते, एकावर एक, एकमेकांना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. मला कुणी हाक मारली नाही.